छपराला चढलेलं वय

गच्चीला पांढरा रंग मारला की खालची खोली थंड राहते, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. मार्च उजाडला की रंगाच्या दुकानात उन्हापासून बचाव करणारे डबे दर्शनी येऊन बसतात. डब्यावर ठळक टक्केवारी असते, इतकं ऊन परत फेकणार म्हणून. हा आकडा खोटा नसतो, पण तो पहिल्या दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवसापासून ऊन, धूळ, काजळी, दव, शेवाळ आणि समोरच्या सज्ज्यातली कबुतरं आपापल्या कामाला लागतात. तीन वर्षांनी डोक्यावर उरतं ते दुसरंच छप्पर.

छप्पर जुनं होताना त्याखालच्या माणसाचं काय होतं, यावर आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी शोधलेल्या आणि आपल्याकडच्या गवंड्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या काही गोष्टी.

ओळख करून घेऊ

छपराचे दोन गुण लक्षात ठेवायचे. पडलेल्या उन्हातलं किती ते परत फेकतं, हा पहिला. जे अंगात मुरलं, त्याची उष्णता ते किती सहज बाहेर टाकतं, हा दुसरा. या दोन्हींतून एक गुणांकन काढतात, त्याला एसआरआय म्हणतात. फक्त 5 टक्के ऊन परतवणाऱ्या प्रमाणित काळ्या पृष्ठभागाला त्यात 0 मिळतात आणि 80 टक्के परतवणाऱ्या प्रमाणित पांढऱ्याला 100. शंभराच्या वर जाणारेही काही महाभाग आहेत, आणि शून्याच्या खाली जाणारेसुद्धा.

फरक किती पडतो? कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने या विषयावर जगात सर्वांत जास्त काम केलं आहे. तिच्या हिशेबाप्रमाणे, 80 टक्के ऊन परतवणारं स्वच्छ पांढरं छप्पर हे 20 टक्के परतवणाऱ्या करड्या छपरापेक्षा उन्हाळ्यातल्या दुपारी सुमारे 31 अंश सेल्सिअसने थंड असतं. इथे वजन 'स्वच्छ' या शब्दावर आहे.

काळं उजळतं, पांढरं काळवंडतं

कॅलिफोर्नियाच्या इमारत नियमांत एक छोटंसं सूत्र आहे. नव्या छपराच्या परावर्तनातून 0.2 वजा करा, उरलेल्याला 0.7 ने गुणा, पुन्हा 0.2 मिळवा. आलं तुमच्या छपराचं म्हातारपणाचं परावर्तन. 0.80 वालं पांढरं छप्पर या सूत्रात 0.62 वर येतं. आता हेच सूत्र कुळकुळीत काळ्या छपराला लावून पाहा. 0.05 चं होतं 0.095. म्हणजे काळं छप्पर वयानुसार चक्क उजळतं!

यात जादू काही नाही. छपरावर बसणाऱ्या सरासरी मळाचं स्वतःचं परावर्तन साधारण 0.2 आहे. मळाला रंगांचं कौतुक नसतं, तो सगळ्यांना आपल्याकडे ओढतो. ज्या छपराचं परावर्तन मुळातच 0.2 आहे, त्याला मळाने ना नफा ना तोटा.

हेच रस्त्यांवरही चालतं. ताजा डांबरी रस्ता जेमतेम 5 टक्के ऊन परत फेकतो, पण वरचं डांबर झिजून खडी उघडी पडू लागली की तोच रस्ता 10 ते 15 टक्क्यांपर्यंत जातो. काँक्रीटचा रस्ता मात्र पांढुरका जन्मतो आणि टायर, तेल, धूळ खाऊन काळवंडत जातो.

अठरा इस्त्र्या

80 वरून 62 म्हणजे अठराच टक्के गेले, असं वाटू शकतं. पण उलट बाजूने मोजा. नवं छप्पर 20 टक्के ऊन पोटात घेत होतं, जुनं 38 टक्के घेतं. उष्णतेची आवक जवळजवळ दुप्पट झाली. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे 1,000 वॅट ऊन पडतं. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर मग नव्या छपरात 20 किलोवॅट शिरत होते, आता 38 शिरतात. वाढलेले 18 किलोवॅट म्हणजे हजार वॅटच्या अठरा इस्त्र्या गच्चीवर तापत ठेवल्यासारखं झालं. ही सगळी उष्णता खोलीत उतरत नाही, बरीचशी हवेत जाते. तरी पंख्याखाली झोपणाऱ्याला आपला वाटा मिळतोच.

बहुतेक नुकसान पहिल्याच वर्षात

रंग हळूहळू, दरवर्षी थोडाथोडा मळत जाईल अशी आपली कल्पना असते. 1997 मध्ये बर्कलीच्या सारा ब्रेट्झ आणि हाशेम अकबरी यांनी पांढऱ्या छपरांची मोजमापं प्रसिद्ध केली, तेव्हा वेगळंच दिसलं. घसरण बहुतेक सगळी पहिल्याच वर्षात होते. एका छपरावर तर वर्षभरातल्या घसरणीपैकी 70 टक्के पहिल्या दोन महिन्यांतच होऊन गेली होती. त्यानंतर छप्पर फारसं बदलत नाही. मळून झालेलं असतं!

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. छप्पर धुतल्यावर मूळच्या परावर्तनाचा 90 ते 100 टक्के भाग परत मिळाला. पण लगेच लेखकांनी हेही नोंदवलं की फक्त वीज वाचवण्यासाठी पैसे देऊन माणूस लावून छप्पर धुवून घेणं परवडत नाही. अमेरिकेतल्या मजुरीच्या दरांत हे खरं असेल. आपल्याकडे रविवारी सकाळी बादली आणि खराटा घेऊन गच्चीवर जाणाऱ्या गृहस्थाला हा हिशेब लागू होत नाही.

पत्र्याची चमक

आता आपल्या ओळखीच्या गोष्टीकडे. नवा कोरा जस्ती पत्रा सुमारे 60 टक्के ऊन परत फेकतो. लाल मातीचं कौल फक्त 33 टक्के. तरी दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि कौलाखाली बसवतं. असं का?

दुसरा गुण आठवा. अंगात मुरलेली उष्णता बाहेर टाकण्यात कौलाला 0.90 मिळतात आणि नव्या जस्ती पत्र्याला 0.04. लखलखीत धातू घेतलेली उष्णता सोडायला तयार नसतो. त्यात पत्रा पातळ आणि एकसंध. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निसटते, पत्र्याखाली ती कोंडून राहते.

पत्रा जुना होतो तेव्हा खरी गंमत सुरू होते. हवा आणि पाणी लागून जस्तावर मळकट राखाडी थर चढतो. चमक गेली, म्हणजे परावर्तन घटलं. पण हा थर उष्णता सोडण्यात धातूपेक्षा उदार असतो, त्यामुळे दुसरा गुण थोडा वाढतो. हा सौदा तोट्याचाच असतो. पुढे जस्त संपून गंज उघडा पडला की तांबूस तपकिरी रंग ऊन पिऊ लागतो. आणि मग मे महिन्यात गळती थांबवायला घरमालक जे करतो ते सगळ्यांत वाईट: पत्र्यावर डांबर फासतो. गळती थांबते, आणि घरावर बाजारात मिळेल तितका काळा रंग चढतो. मुंबईच्या कुठल्याही वस्तीकडे लोकलच्या पुलावरून पाहा, काळे पत्रे आणि निळ्या ताडपत्र्या यांचीच गोधडी दिसेल. तिथल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. पाऊस आठवड्यावर आलेला असतो आणि डांबर स्वस्त असतं.

पत्र्यावर साधा पांढरा रंग मारला तर दोन्ही गुण एकदम सुधारतात, कारण रंग कुठलाही असो, उष्णता सोडण्यात तो धातूच्या कितीतरी पुढे असतो. चमकणाऱ्या नव्या पत्र्यालाही रंग द्यावा, हे पटवणं मात्र कठीण जातं.

जाता जाता: 10 मीटर लांबीचा पोलादी पत्रा 40 अंशांनी तापला की साधारण 5 मिलिमीटर लांबतो आणि संध्याकाळी तेवढाच आखडतो. उन्हं उतरल्यावर पत्र्याची टणटण ऐकू येते ती हीच. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूची भोकं मोठी होतात. गळतीची सुरुवात बहुधा तिथेच होते, आणि मग पुन्हा डांबर.

लाल रंगाचं गुपित

सूर्यप्रकाशातला निम्म्याहून थोडा जास्त भाग, सुमारे 52 टक्के, आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. तो अवरक्त किरणांचा असतो. दिसणारा प्रकाश 43 टक्के, आणि अतिनील किरण जेमतेम 5. कौलाला लाल करणारं लोहाचं ऑक्साइड अवरक्त किरण बऱ्यापैकी परत फेकतं. म्हणूनच डोळ्याला गडद दिसणारं कौल तितकंच गडद दिसणाऱ्या इतर छपरांपेक्षा कमी तापतं. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं कोकणात, गोव्यात घरोघरी चढली, तेव्हा अवरक्त परावर्तनाचा विचार कुणी केला नव्हता. माती तशी होती, एवढंच.

आज हीच युक्ती मुद्दाम वापरतात. डोळ्याला काळे, तपकिरी, हिरवे दिसणारे पण अवरक्त किरण परतवणारे रंग मिळतात. त्यांतला क्रोम ऑक्साइडचा हिरवा हा तर लष्कराच्या छद्मवेशात मुरलेला गडी. झाडाची पानं अवरक्त किरण जोरात परत फेकतात, त्यामुळे त्या किरणांत पाहणाऱ्या कॅमेऱ्याला साधा हिरवा रंग पानांपासून वेगळा ओळखता येतो. क्रोम ऑक्साइड पानांच्या बरंच जवळ जातं.

कौलाचं म्हातारपण शेवाळात जातं. भाजलेली माती पाणी पिते, पावसाळ्यात शेवाळ धरते, आणि ओलं कौल वाळताना घराची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल लागतात. खेद इतकाच की हा गारवा जुलैत मिळतो, जेव्हा तो कुणालाच नको असतो. एप्रिलपर्यंत शेवाळ वाळून काळं ठिक्कर पडलेलं असतं. कोकणात पावसाआधी शाकारणी करताना कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावतात. हेतू गळती थांबवण्याचा, पण छपराचा काळा थरही त्यात बऱ्यापैकी निघतो.

माळवद, आणि त्याची किंमत

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे कौलं नाहीत, माळवद आहे. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन या थरातून खाली पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री माणसं माळवदावरच झोपायला गेलेली असतात. इतकं शहाणं छप्पर आधुनिक स्थापत्यात शोधून सापडणार नाही.

पण मातीचं वय पाऊस ठरवतो. दर पावसात वरची माती धुपते, भेगा पडतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात नवी माती टाकून चोपायची. जितकी धुपली त्याहून थोडी जास्तच टाकली जाते. पिढ्यान् पिढ्या हे चाललं की थर वाढत जातो, आणि त्याचं वजनही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरची ही जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. त्यानंतर स्लॅब आणि पत्रे आले. घरं हलकी झाली आणि तापूही लागली. थंडाव्यासाठी कुणाला पुन्हा माळवद बांधायला सांगावं असं मला वाटत नाही. पण त्या जागी जे आलं, त्याच्या वर चार इंच सावली किंवा एक हात पांढरा रंग द्यायला हरकत कुणाची होती?

शिंगलवरचे काळे ओघळ

अमेरिकेत घरांवर डांबरी शिंगल लावतात, म्हणजे खडेदार पृष्ठभागाचे डांबराचे तुकडे. दमट भागांत या छपरांवरून काळे ओघळ उतरलेले दिसतात. बरीच वर्षं लोकांना ती काजळी किंवा बुरशी वाटायची. तो ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचा नीलहरित जीवाणू आहे. उन्हापासून स्वतःला वाचवायला तो अंगाभोवती गडद आवरण घेतो. म्हणजे छत्री त्याची, ताप घराला.

त्याच छपरावर धुराड्याभोवती जस्ताची किंवा तांब्याची पट्टी असेल तर तिच्या खालची जागा मात्र स्वच्छ राहते. पावसाबरोबर धातूचा अंश खाली ओघळतो आणि जीवाणूला तो मानवत नाही. हे पाहून कंपन्यांनी शिंगलच्या खड्यांतच तांबं मिसळायला सुरुवात केली.

शिंगलबद्दल आणखी एक. बाजारात 'पांढरी' म्हणून मिळणारी शिंगल अगदी नवी असतानाही जेमतेम पाव हिस्सा ऊन परत फेकते. आपलं लाल कौल तिच्यापेक्षा बरं.

काहीच न पिकणारी शेती

दक्षिण फ्लोरिडात आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात एकरच्या एकर जमिनीवर नुसत्या चौकटी उभ्या आहेत. त्यांवर रंगाचे, प्लास्टिकचे, छपरांचे तुकडे उन्हाकडे तोंड करून वर्षानुवर्षं पडलेले असतात. वस्तू किती टिकते हे पाहण्याचा जगातला हा सर्वांत संथ धंदा. फ्लोरिडा दमट आणि उष्ण, ॲरिझोना कोरडं आणि उष्ण. अमेरिकेतली कूल रूफ रेटिंग कौन्सिल ही 1998 मध्ये स्थापन झालेली संस्था छपरांचे नमुने या दोन हवामानांत आणि तिसरं म्हणून ओहायोच्या थंड हवेत तीन वर्षं ठेवते, आणि नंतरचा आकडा नव्याच्या शेजारी छापते.

तीन वर्षं थांबणं उत्पादकांना जड जायचं. म्हणून बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी मळाची पाककृती बनवली: काजळी, मातीची धूळ, क्षार आणि कुजलेल्या पाल्यातून येतं तसं ह्युमिक आम्ल. यंत्रात नमुन्याला ऊन आणि दव दाखवायचं, वरून हा काढा फवारायचा, पुन्हा ऊन आणि दव. तीन वर्षांचं म्हातारपण तीन दिवसांच्या आत येतं. 2015 मध्ये या पद्धतीला अमेरिकेत अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. वाळवंटाचा, दमट किनाऱ्याचा आणि धुरकट शहराचा मळ वेगवेगळा, म्हणून प्रत्येकाचं प्रमाणही वेगळं.

काळ्या रबराचं कोडं

सपाट छपरांवर पसरायचं रबरी आच्छादन बहुधा काळं असतं, आणि ते फक्त 6 टक्के ऊन परतवतं. मग काळं का बनवतात? त्यात घातलेली काजळी अतिनील किरण शोषून रबराला तडकण्यापासून वाचवते. ज्या काजळीने घर तापतं, तिच्यामुळेच छप्पर टिकतं. पांढऱ्या आच्छादनात हे काम टायटॅनियम डायऑक्साइडला करावं लागतं.

या पांढऱ्या भुकटीचा स्वभावही विचित्र आहे. तिचा एक प्रकार उन्हात स्वतःच्याच रंगाला बांधून ठेवणारा चिकट भाग खातो. जुन्या रंगावर हात फिरवला की बोटांना पांढरी पूड लागते ती त्यामुळे. पण ही पूड पावसात वाहून जाताना वरचा मळही घेऊन जाते आणि खालून ताजा पांढरा थर निघतो. रंग झिजून स्वच्छ राहतो. फक्त एक दिवस तो संपतो.

दव

स्वच्छ रात्री छप्पर आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं. या गुणावर उत्तर हिंदुस्थानात एकेकाळी बर्फ बनायचा. मातीच्या उथळ परळांत पाणी ओतून गवतावर ठेवायचं, पहाटे वर बर्फाचा पापुद्रा. रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादची ही कृती सविस्तर कळवली होती. कच्छमधल्या कोठारा गावात आयआयएम अहमदाबादच्या गिरजा शरण यांनी अशाच थंड छपरांवरचं दव गोळा करून पिण्याचं पाणी मिळवलं.

इतरांच्या छपरांवर मात्र दव मळाला मदत करतं. रात्रीचं दव धुळीचा पातळ चिखल करतं, सकाळचं ऊन तो वाळवून चिकटवतं, आणि शेवाळाला रोजचं पाणी आयतं मिळतं. धुवाधार पाऊस धूळ नेतो, पण शेवाळाला तो नेत नाही.

आतलं न दिसणारं वय

स्लॅबवर फोमचे तक्ते टाकून उष्णता अडवतात. फोम अडवतो ते त्याच्या बारीक पेशींत कोंडलेल्या खास वायूमुळे. वर्षानुवर्षं हा वायू हळूहळू बाहेर झिरपतो, साधी हवा आत शिरते, आणि तक्ता जसाच्या तसा दिसत असूनही त्याची ताकद घटते. याची चाचणी करायला फोमच्या पातळ चकत्या कापतात, म्हणजे वायू लवकर निघून जातो आणि वर्षं वाचतात.

त्यात पाणी शिरलं तर विचारूच नका. पाणी उष्णता हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने पुढे नेतं.

धुणारे आणि मुद्दाम मळू देणारे

अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटांवर नद्या नाहीत. तिथली पायऱ्यापायऱ्यांची पांढरी चुनखडीची छपरं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत उतरवतात, आणि तेच पाणी प्यायला. छपरावर मळ साचला तर तो उद्या पेल्यात येणार, म्हणून छपरं नियमाने साफ करून पुन्हा पांढरी करतात. त्यामुळे घरंही आपोआप थंड राहतात.

स्पेनमधल्या अल्मेरियात हजारो हेक्टरांवर प्लास्टिकची हरितगृहं आहेत. उन्हाळ्यात शेतकरी त्यांना चुन्याने पांढरं करतात आणि हिवाळ्याआधी धुऊन टाकतात. संशोधकांनी 1983 ते 2006 ची आकडेवारी तपासली तेव्हा त्या भागातलं हवेचं तापमान दर दशकाला 0.3 अंशाने उतरलेलं दिसलं. उरलेल्या स्पेनमध्ये ते वाढत होतं.

चुना, चिनी मातीचे तुकडे आणि सरकार

आपल्याकडचा चुना स्वस्त आणि सुरुवातीला गुणी. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होतो, आणि ताजा असताना इतका तिखट असतो की शेवाळ जवळ येत नाही. कार्बन डायऑक्साइड पिऊन झाला की तिखटपणा जातो. त्यानंतर एक पावसाळा त्याला पुरतो.

मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींच्या गच्चीवर चायना मोझॅक असतो, म्हणजे फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे कोब्यावर बसवलेले. तो घातला पाणी अडवायला. पण चकाकीमुळे मळ मुरत नाही, सांधे तेवढे काळे पडतात, आणि पाण्याच्या एका फवाऱ्यात गच्ची पुन्हा पांढरी होते. डब्यातल्या रंगांशी तुलना केली तर म्हातारपणात हा गडी बाजी मारतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेच्या लाटांसाठी दक्षिण आशियातला पहिला कृती आराखडा केला आणि 2017 मध्ये गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचा उपक्रम सुरू केला. तेलंगणने 2023 मध्ये कूल रूफ धोरण आणलं, 2028 पर्यंत 300 चौरस किलोमीटर छपरांचं लक्ष्य ठेवून. एवढी छपरं एकदा रंगवणं जमेल. चौथ्या वर्षी ती धुणार कोण, हे कोणत्याही धोरणाने ठरवायला हवं.

98.1

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये बेरियम सल्फेटचा रंग बनवला, तो 98.1 टक्के ऊन परत फेकतो. त्याआधी 2014 मध्ये आस्वथ रामन आणि स्टॅनफर्डच्या सहकाऱ्यांनी भर उन्हात भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे 5 अंशांनी थंड राहणारा पृष्ठभाग दाखवला होता. दोन्ही कमालीचं काम. पण 98 टक्क्यांवर असलेल्या पृष्ठभागाला काजळीचा एक हलका थरही महागात पडतो, कारण त्याच्याकडे गमवायला सगळ्यांत जास्त आहे.

गच्चीवर जाण्यापूर्वी

रंग घेताना दुकानदाराला तीन वर्षांनंतरचं परावर्तन विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळणार नाही, पण चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर कंपनीला ते छापावं लागेल. गच्ची वर्षातून एकदा धुणार असाल तर फेब्रुवारीच्या शेवटी धुवा, हिवाळ्याची धूळ आणि काजळी गेल्यावर उन्हाळा सुरू होतो. काळं शेवाळ नुसत्या पाण्याने निघत नाही, ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी लागतं. ते वापरताना खालची पिण्याच्या पाण्याची टाकी आधी झाका. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कधीही चढू नका, तो वजनाने अचानक फुटतो. आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, त्यामुळे तारेच्या ब्रशने कोरडं घासायचं तर अजिबात नाही.